थोडकामा गयं

धुळे-चोपडा गाडीवरच्या नूतन मॅडमना रस्त्यावरची निम्मी गावं नावानिशी ओळखतात. अंगात खाकी, खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटाचं मशीन आणि आवाज असा की शेवटच्या बाकावर घोरणारा माणूसही उठून खिशात हात घालतो. सुट्ट्या पैशांवरून कुणी वाद घातला तर दोन वाक्यांत त्याचा निकाल लागतो, तिसरं वाक्य खर्चावं लागत नाही. बाईमाणसाला अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत बायाच बाया. त्यात कंडक्टरही बाई, म्हणजे गाडी कसली, तो गावातला ओटाच. कुणाची सून नांदत नाही, कुणाच्या केळीला या खेपेला भाव नाही, कुणाच्या गुडघ्यात वाटी बसवली, सगळं नूतनला ठाऊक. नूतनचं मात्र ड्रायव्हर रतिलालभाऊंखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

तापीचा पूल ओलांडला की दहा-बारा मिनिटांत नांदखेडा फाटा येतो. तिथून आत दीड किलोमीटरवर नूतनचं माहेर. आठवड्यातले चार दिवस, जाताना एकदा आणि येताना एकदा, ती त्या फाट्यावर घंटी मारते, माणसं उतरवते, चढवते, डबल मारते आणि पुढे निघते. कुणी म्हणेल, एवढं हाकेच्या अंतरावर आहे तर एक दिवस उतरावं की. उतरतेच ती. सुट्टीच्या दिवशी जाते, आईची गोळ्या-औषधं देते, मिरच्या-पापड घेऊन परत येते. पण आखाजीला ती उतरत नाही. आखाजीला माहेरी आपल्या पायांनी जायचं नसतं. आखाजीला न्यायला कुणीतरी यावं लागतं.

हा नियम कुणी केला देव जाणे, पण खानदेशात तो पोटात असल्यासारखा असतो. अक्षय्य तृतीया म्हणजे आखाजी. लेक सासरी कितीही सुखात असो, आखाजीला माहेरचं माणूस तिला घ्यायला येतं. त्याला मूळ म्हणतात, बोलीत मुय. बाप येईल, भाऊ येईल, कुणी नसलं तर चुलतभाऊ येईल. मग ती त्याच्या मागोमाग मिरवत जाते, निंबाच्या झोक्यावर बसते आणि सासूच्या नावाने गाणी म्हणून वर्षाचं उट्टं काढते. मूळ आलं नाही तर बाई घरातच बसते. कुणी विचारलं तर उन्हावर ढकलते.

नूतनला दोन वर्षं मूळ आलं नव्हतं, आणि यायचं होतं ते एकाच माणसाने. स्वप्नीलने. तिचा भाऊ, तिच्याहून अकरा वर्षांनी लहान, म्हणजे भाऊ कमी आणि कडेवरचं लेकरू जास्त.

ती लग्न होऊन धुळ्याला आली तेव्हा स्वप्नील दहा वर्षांचा होता. नवरा अमृत आग्रा रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानात कामाला. माणूस सरळ, बोलणं मोजून, खिळे मोजतो तसं. घरात कुणी वाईट नव्हतं, पण बोलायलाही कुणी नव्हतं. पुढे नूतनला एसटीत नोकरी लागली, पहिल्या पगारात तिने नवा फोन घेतला, जुना नांदखेड्याला आईकडे पाठवला. आईकडे म्हणजे स्वप्नीलकडे. कमलबाईंना त्यातलं हिरवं-लाल बटण सोडून काही कळत नव्हतं.

त्याच सुमारास डेपोतल्या एका मैत्रिणीने नूतनला तो गेम दाखवला. टोपी घातलेला एक ससा, त्याच्या पोटावर गोल फिरणारं चाक. चाकात तीन चित्रं. तिन्ही सारखी आली की नाण्यांचा पाऊस. खरे पैसे नाहीत हं, नुसती नाणी. त्या नाण्यांतून एक गाव बांधायचं: घर, विहीर, गोठा, मारुतीचं देऊळ. गावाला नाव द्या म्हटल्यावर नूतनने एक क्षणही विचार केला नाही. नांदखेडा लिहिलं.

आणि त्यात एक सोय होती. आपल्या माणसाला रोज पाच स्पिन, म्हणजे चाकाच्या पाच फेऱ्या, फुकट पाठवता यायच्या. आपल्या कमी होत नसत, त्याला मिळत. नूतनने स्वप्नीलला जोडून घेतलं. पहाटे पाचला ड्युटीवर निघण्याआधी ती त्याला पाच स्पिन पाठवायची. गाडी अमळनेरला लागेपर्यंत त्याच्याकडून पाच परत यायच्या. म्हणजे भाऊ उठला. बोलायचं काहीच नाही. सासरच्या घरात माहेरच्या फोनवर रोज अर्धा तास बोललं की भुवया वर जातात. स्पिनला कुणाची हरकत नव्हती. सात-आठ वर्षं हा नेम चालला. एका भाऊबीजेला तर तिने ओवाळणीत साडी नको म्हणून सांगितलं, शंभर स्पिन मागून घेतल्या आणि दोघं पोट धरून हसली.

दोन ससे लागायचे. तिसरा यायचा, काठावर थांबायचा आणि जरासा सरकून खाली जायचा. लहानगा स्वप्नील फोनवर रडकुंडीला यायचा. तेव्हा नूतन इकडून समजूत घालायची, "थोडकामा गयं रे भाऊ. सकाय लागी." थोडक्यात गेलं, उद्या लागेल. पोरगं लगेच गप्प व्हायचं. किती सोपं औषध, नाही का? आता आपण लांबून बघतो म्हणून आपल्याला कळतं की तो ससा काठावर थांबायला शिकवलेलाच होता. नूतनला ते कोण सांगणार? तिला वाटलं, आपण भावाला धीर धरायला शिकवतोय.

घरच्यांनी तरी टोकायचं. पण तिथेही गंमतच झाली. आखाजीला आमच्याकडे लेकींना झोका मोकळा तसा पुरुषांना पत्त्यांचा डाव मोकळा. एरवी पत्त्याला हात लावला तर जो बाप हात मोडेल, तोच बाप आखाजीचे चार दिवस ओट्यावर सतरंजी टाकून पिसायला बसतो. नूतनचे वडील झुलालआबा त्यातले नावाजलेले. पण आबांची एक रीत होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी पत्त्यांचा जोड फडक्यात बांधून ते रिकाम्या कोठीच्या तळाशी ठेवत आणि वर नवे गहू ओतत. वर्षभर खाऊन गहू तळाला गेले की आखाजी आलेली असे. मध्ये कुणाला हुक्की आली तरी चार पोती गहू उपसून पत्ते काढणारा माणूस गावात नव्हता.

अशा घरात पोरगं फोनवर चाक फिरवतं म्हणून कोण रागावणार? कमलबाई म्हणायच्या, "खेयू दे. आखाजीनाच खेय शे, पैसा थोडाच जास." आबाही मान डोलवायचे. एकच गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही, की फोन काही कोठीच्या तळाला जात नाही. तो उशाशी झोपतो.

आबा गेले त्या वर्षी स्वप्नील पंधराचा होता. बोलणं कमी झालं, फोन वाढला. स्पिन मात्र रोज यायच्या, म्हणून नूतनला वाटायचं सगळं ठीक आहे. चोपड्याला कॉलेजात गेला तसा मित्रांनी त्याला दुसरे खेळ दाखवले. तेच रंग, तीच नाण्यांची खळखळ, तसंच थोडक्यात जाणं. फक्त नाण्यांच्या जागी आता खरे पैसे. नवीन काही शिकावं लागलंच नाही. सायकल येणाऱ्याला स्कूटर शिकवावी लागते का?

हे नूतनला कळलं ते दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीला. कमलबाईंनी स्वप्नीलला पहिल्यांदाच मूळ म्हणून पाठवलं होतं. आबांच्या माघारी घरातला पुरुष तोच. जवळ साडीचे, आंब्यांचे आणि येण्याजाण्याचे पैसे बांधून दिले होते. नूतनने सकाळपासून पिशवी भरून ठेवली, केस धुतले, जांभळी साडी नेसली. अमृतने त्या दिवशी दुकानातून दुपारी घरी येऊन मेहुण्यासाठी आइस्क्रीम आणून ठेवलं. अमृतच्या हिशोबी ही केवढी मोठी लाडीगोडी! चार वाजले, पाच वाजले. साडेपाचला फोन आला.

"अक्का, मी यी नही ऱ्हायनू."

"काबर रे? कथी शे तू?"

"चोपडाना स्टँडवर." मागे गाड्यांचे आवाज येत होते. मग तो म्हणाला, "तुले भारी साडी लेवानी व्हती अक्का. म्हणीसन लावात पैसा. एकच पत्ता जोयजे व्हता. थोडकामा गयं."

आपलेच शब्द. आपल्याच आवाजातला तो समजूत घालणारा हेल, मोठ्या झालेल्या पुरुषी गळ्यातून. नूतनला पुढे एक अक्षर बोलता आलं नाही, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ त्याने काय लावायचा तो लावला. फोन बंद झाला. चार दिवसांनी कळलं, पोरगं सुरतेला गेलं. उधन्याला साडीच्या कारखान्यात पॅकिंगला लागलं. आईला महिन्याकाठी एखादा फोन. तोही मेल्यासारखा, बरा शे, जेवनू, ठेवस. अक्काचा फोन तो उचलेना. बहिणीसमोर शरमिंदा झालेला भाऊ म्हणजे भिंतीकडे तोंड करून बसलेलं पोर. त्याला ओढून फिरवता येत नाही.

एकच दोरी उरली होती. पहाटे पाचला नूतन स्पिन पाठवायची आणि कधी दुपारी, कधी दोन दिवसांनी, तिच्या नावासमोर बारीक अक्षरांत यायचं: घेतल्या. परत पाठवायचा नाही, पण घ्यायचा. नूतनला तेवढं पुरायचं. भाऊ आहे. हातपाय हलवतोय. आपलं नाव त्याने पाहिलं. तिला कळत नव्हतं असं नाही. 'घेतल्या' म्हणजे अजून त्या चाकापाशीच बसलाय, हे तिला कळत होतं, आणि तरी त्या शब्दाची वाट बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. माया आंधळी म्हणतात. मी म्हणतो तिला दिसतं सगळं, ती फक्त बघत नाही.

मागच्या पावसाळ्यात सरकारने पैशांचे खेळ बंद केले. रतिलालभाऊंनी तापीच्या पुलावरच बातमी सांगितली, "चला मॅडम, सुटला तुमचा भाऊ." नूतनला दोन दिवस खरंच हलकं वाटलं. पण बंद झाले ते दारातले. कारखान्यातली पोरं एकमेकांना लिंका पाठवत, त्या खिडकीतून सगळं पुन्हा आत आलं. ससा तर कुठे गेलाच नाही. त्याच्याकडे पैसे नव्हतेच, नुसती नाणी. त्याला कोण हात लावणार?

यंदा होळी झाली आणि 'घेतल्या' यायचं थांबलं.

पहिला आठवडा नूतनने सोसला. दुसऱ्या आठवड्यात तिच्या हातून तिकिटं चुकायला लागली. अमळनेरच्या बाईला पूर्ण, तिच्या नवऱ्याला अर्धं. आईला विचारलं तर आईकडेही फोन आला नव्हता. अमृत म्हणाला, "सोडलं असेल त्याने. चांगलं आहे ना." एवढं शहाणपणाचं वाक्य, पण ते ऐकायला माणूस जागेवर असावा लागतो. "सोडलं असतं तर फोन नसता केला?" ती फिस्कारली. मग स्वयंपाकघरात जाऊन रडून आली. तिच्या डोक्यात नको नको ते येत होतं. सुरतेतल्या पोरांबद्दल पेपरात काय काय छापून येतं ते तिने वाचलेलं होतं.

त्याच दिवसांत ससा तिच्या मदतीला धावून आला. स्क्रीनवर हात पसरून उभा राहिला आणि म्हणाला, तुमचा जोडीदार बरेच दिवस आलेला नाही, त्याला परत बोलवा! खाली बटण होतं. बोलवा. दाबलं की त्याच्या फोनवर नूतनचं नाव जायचं, सोबत पंचवीस स्पिनची भेट. नूतनने बटण दाबलं. दुसऱ्या दिवशीही दाबलं. मग पहाटे एकदा, चोपड्याला गाडी लागल्यावर एकदा, घरी आल्यावर एकदा. आखाजी जवळ येत होती. त्याला बोलावणं पाठवायला दुसरं ठिकाणच तिच्यापाशी नव्हतं.

गाडीत आता मुळांची गर्दी सुरू झाली होती. दर चौथ्या बाकावर एक बहीण आणि तिच्या शेजारी ऐटीत बसलेला भाऊ, पायाशी आंब्याची पेटी. "एक पूर्ण, एक अर्धं," भाऊ सांगायचा आणि बहीण खिडकीतून बाहेर बघत हसायची. नूतन मशीनमधून तिकीट फाडून द्यायची. सुमनबाई नावाची नेहमीची म्हातारी, लेकीकडे येऊन-जाऊन असणारी, तिने भर गाडीत विचारलं, "का व माय, तुले नही उना का मुय?" नूतन म्हणाली, "ड्युटी शे ना मावशी, कसं जाऊ?" म्हातारीने तिच्याकडे एकदा बघितलं आणि पुढे विचारलं नाही. त्या न विचारण्याने नूतनला जास्त लागलं.

मंगळवारी, आखाजीला पाच दिवस असताना, तापीच्या पुलावर फोन थरथरला. घेतल्या.

नूतनने पुलावरच घंटी मारली. मारायची नव्हती, पण हात गेला. रतिलालभाऊंनी घाबरून ब्रेक दाबला, मागे वळून बघितलं तर मॅडमचे डोळे भरलेले आणि तोंडभर हसू. "काही नाही भाऊ, चला, चला," म्हणून तिने डबल मारली. चोपड्याला तिने त्यांना चहा पाजला, वर पेढे घेतले, स्टँडवरच्या चौकीदारालाही दिले. संध्याकाळी अमृतला म्हणाली, "यंदा येईल बघ तो. मला वाटतंय." रात्री तिने जांभळी साडी पेटीतून काढून दांडीवर टाकली.

शुक्रवारी भर दुपारी, चोपड्याच्या स्टँडवर गाडी उभी असताना, फोन वाजला. स्क्रीनवर स्वप्नीलचं नाव. दोन वर्षांत पहिल्यांदा. नूतन गाडीतच मधल्या बाकावर बसली.

"अक्का."

"बोल रे भाऊ. बोल."

"अक्का, तू माले स्पिन धाडू नको."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तो बोलत राहिला, तुटक, खालच्या आवाजात, मागे कारखान्याची मशिनं चालू. होळीच्या दिवशी त्याने शपथ घेतली होती. सगळ्या लिंका काढून टाकल्या. फक्त सशाचा गेम ठेवला, उघडायचा नाही म्हणून ठरवून. काढायचा कसा, त्यात अक्का होती. "होळीपाईन मी हात नही लाया व्हता. एक बी दिन नही. पन रोज सकायमा तुनं नाव ये. मंग दुपारले बी ये. मंग दिनमा तीनदाव. मी फोन पालथा ठेवू. मंगयवारले म्हनं, अक्काच शे, कितलं बलावस, एक डाव ले. लिधी. मंग पैसासना खेय बी चालू व्हयना, नही थांबनू."

बाहेर कुणीतरी अमळनेर, अमळनेर म्हणून ओरडत होतं.

"तुले लेवाले येनार व्हतू यंदा. साडी बी लई ठेयेल व्हती, हिरवी. ती परत दिधी दुकानवर." आणि मग एकदम पोरासारखा रडवेला होऊन, "नही येस मी अक्का. तू वाट देखू नको."

पुलावरची घंटी. पेढे. दांडीवरची जांभळी साडी. ज्या क्षणी आपण आनंदाने वेडे झालो, त्याच क्षणी तिकडे आपला भाऊ पडला. आणि तो पडला कारण आपण त्याला हाक मारली. दिवसातून तीनदा. नूतनने पुढच्या बाकाची दांडी धरली. पण बाई कंडक्टर होती. गाडी बंद पडली तर पन्नास माणसांना रस्त्यावर कसं सांभाळायचं याची तिला सवय होती. यावेळी ती गप्प बसली नाही. मागच्या वेळच्या गप्प बसण्याने दोन वर्षं नेली होती.

"तुनी खोली कथी शे?" तिने विचारलं.

"काबर?"

"पत्ता सांग म्हणस ना."

त्याने सांगितला. तिने तो तिकिटाच्या कोऱ्या रोलवर लिहून घेतला.

"सकाय येसू मी. तुले लेवाले."

"अक्का, बहीन भाऊले लेवाले जास का कधी?"

"आते जाई," नूतन म्हणाली. "स्टँडवर उभा ऱ्हा."

फोन ठेवल्यावर तिने गेम उघडला. ससा नाचत आला. त्याला बाजूला सारून तिने गाव बघितलं. घर, विहीर, गोठा, देऊळ. मागच्या वर्षी निंबाचं झाड मिळालं होतं, त्याला झोका बांधायला अजून नाणी हवी होती. दहा वर्षांच्या पहाटा त्यात गेल्या होत्या. खऱ्या नांदखेड्यात ती दहा वर्षांत इतकी राहिली नव्हती. काढून टाकू का विचारल्यावर फोनने बजावलं, सगळं पुसलं जाईल. तिला रडू आलं, आणि रडतच तिने हो दाबलं. वेड्यासारखं वाटतं ना, खोट्या विहिरीसाठी रडणं? पण त्या विहिरीवर ती रोज पाणी भरून आलेली होती.

आखाजीच्या तोंडावर रजा मागणं म्हणजे डेपोत भूकंपच. रतिलालभाऊ तिच्याआधी साहेबांच्या केबिनमध्ये शिरले आणि काय सांगितलं कोण जाणे, रजा मिळाली. घरी अमृतने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "येताना त्याला सरळ नांदखेड्याला ने. मी तिकडेच येतो आंबे घेऊन." एवढं मोठं वाक्य त्याने लग्नात उखाण्यातही घेतलं नव्हतं.

शनिवारी साडेपाचला ती सुरत गाडीत बसली, अंगावर जांभळी साडी, मांडीवर डबा. दहा वर्षांत पहिल्यांदा ती कुणाचं तिकीट न फाडता इतकं लांब जात होती. अंगठा दोन-तीनदा सवयीने फोनकडे गेला. तिथे काही नव्हतं. भाऊ उठला का, स्टँडवर येईल का, की लाजेने खोली सोडून आणखी कुठे पळेल? हे सांगणारं आता काहीच नव्हतं. नवापूर येईपर्यंत तिने देवाला काय काय बोलून ठेवलं याची यादी केली तर पुढची पाच वर्षं तिला उपास पुरले असते.

सुरतेच्या स्टँडात गाडी शिरली तेव्हा बारा वाजायला आले होते. तिने खिडकीतूनच त्याला पाहिलं. केवढा वाळला होता. धुतलेला शर्ट, पायाशी भरलेली पिशवी. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीजवळ तो जायचा, पाटी वाचायचा आणि परत खांबापाशी येऊन उभा राहायचा. शेजारच्या चहावाल्याने नंतर सांगितलं, सकाळी सहापासून हेच चाललं होतं. त्याला म्हटलं, भाई, धुळ्याची गाडी दुपारी येते, तर ऐकेना.

नूतन उतरली. तो पुढे आला, वाकून पाया पडला आणि उठताना तिच्याकडे न बघता म्हणाला, "कितला येळ लाया, अक्का."

"हां रे," ती म्हणाली. "लई येळ व्हयना."

दुपारच्या गाडीत त्याने तिच्या डब्यातल्या चार भाकरी खाल्ल्या. खोलीत काय, कारखान्यात काय, तिने काही विचारलं नाही. बारडोलीच्या पुढे त्याने खिशातला फोन काढून तिच्या पिशवीत टाकला आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "घडीभर दे ना अक्का. नुसता टाइम देखस." ती म्हणाली, "तीन वाजले." त्याने मान हलवली. अर्ध्या तासाने पुन्हा मागितला. तिने पुन्हा वेळ सांगितली.

व्यारा गेलं तसा तो तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला, लहानपणी झोपायचा तसाच तोंड उघडं टाकून. झोपेत त्याचा उजवा अंगठा मांडीवर खालून वर, खालून वर फिरत होता. नूतनने त्यावर आपला हात ठेवला. सोनगड आलं, गेलं. हाताखाली तो अंगठा फिरतच होता, आणि तिने हात काढला नाही.